अण्णांची बैठक, पिस्कॅटवे

आमच्या अण्णांनी एका उन्हाळ्यात इस्राएल आणि पॅलेस्टाइन यांच्यात समेट घडवायला घेतला होता आणि त्या कामी मी त्यांची दुभाषी होते. ही हकीकत मी आजवर इतक्या जेवणांत सांगितली आहे की मी तोंड उघडलं की माझी मुलगी सॅलडचं भांडं उचलून आत जाते. "मॉम, प्लीज, नॉट अगेन!" सांगताना मी नेहमी हशा पिकतो तिथे थांबते, पुढचं सांगत नाही. आता इथे नेपरव्हिलला बाहेर बर्फ पडतंय, रिटायर झाल्यापासून मला घाईचं काही काम नाही, आणि कागद काही उठून आत जाणार नाही. तेव्हा या खेपेला शेवटापर्यंत लिहिते.

मी तेव्हा अमेरिकेत पिस्कॅटवेला, युनिव्हर्सिटीपासून बसने जवळ, एका जुन्या लाकडी घरात राहत होते. घराचा जिना इतका करकरायचा की कोण कुठल्या पायरीवर आहे ते स्वयंपाकघरात बसून कळायचं. वरच्या दोन खोल्यांत ओर्ली आणि रीम, खाली मागच्या खोलीत मी. ओर्ली इस्राएलची, केमिस्ट्रीत पीएच.डी. करणारी, मोठ्याने हसणारी. रीम रामल्लाची, पॅलेस्टिनी, स्टॅटिस्टिक्सची, हसण्याआधी थोडा विचार करणारी. मी कराडची, कॉम्प्युटर सायन्सची, आणि स्वतःच्या मते या दोघींपेक्षा जास्त जग पाहिलेली, कारण अमेरिकेला येताना माझं विमान दोन ठिकाणी थांबलं होतं.

ओर्लीची आजी, रिबकाआजी, मूळची रेवदंड्याजवळची. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. आजी लग्न होऊन नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली ती लोद नावाच्या गावातच राहिली. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. नातीशी हिब्रूत बोलून झालं की ती "त्या कराडच्या पोरीला दे" म्हणायची, आणि मग मला मराठीत झापायची. "भातात पाणी मोजून घालतेस का गं? मोजू नकोस. बोट बुडवून बघ." ओर्लीला मराठीतलं "गप बस", "ये जेवायला" आणि "काय मेलं" असलंच थोडंफार यायचं, पण आमचं तेवढ्यावर छान चाललं होतं. शुक्रवारी रीम मक्लूबा करायची. तळलेली वांगी, कोंबडी आणि भात एकावर एक रचून शिजवायचं आणि मग ते अख्खं पातेलं परातीत उपडं घालायचं. मी कोंबडी खात नाही म्हणून माझ्यासाठी छोट्या पातेल्यात नुसत्या वांग्यांचं. उपडं घालताना आम्ही तिघी श्वास रोखून उभ्या राहायचो आणि पातेल्याच्या बुडावर ओर्ली चमच्याने ताशा वाजवायची. भात मोडला तर त्या दोघी एकमेकींना दोष द्यायच्या. भांडायला तोवर दुसरं काही सापडलं नव्हतं.

माझ्या पदवीदानाला अण्णा आले आणि उन्हाळाभर राहिले. आई जाऊन थोडेच दिवस झाले होते, कराडच्या घरात एकटं बसण्यापेक्षा इथे हॉलमधल्या सोफ्यावर झोपलेलं त्यांना बरं वाटत होतं. पहाटे उठून ते खलबत्त्यात आलं कुटायचे. त्या ठकठकीने अख्खं घर जागं व्हायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण रीम एकदाही कुरकुरली नाही. उलट तीच सगळ्यात आधी खाली यायची आणि अण्णांसमोर बसून बशीतून चहा प्यायची. ती त्यांना अम्मो म्हणायची, म्हणजे काका. ओर्ली तर आजीच्या कृपेने सरळ काकाच म्हणायची. अण्णांनी रीमची रीमा केली आणि ओर्लीची, कुणालाही न विचारता, उर्मिला.

अण्णा कराड नगरपालिकेत हेडक्लार्क होते, पण गावात त्यांचं नाव होतं ते लग्नाच्या बैठकींसाठी. मुलाकडचे बाहेरच्या खोलीत, मुलीकडचे आत, आणि मधल्या दारात चहाचा ट्रे घेऊन अण्णा. मानपानावरून घोडं अडलं की ते ट्रे घेऊन बाहेर जात, मुलाच्या काकांच्या कानाशी वाकत आणि म्हणत, "त्यांना सगळं मान्य आहे हो. फक्त तोंडाने म्हणायला संकोचतायत. तुम्ही मोकळं व्हा, की ते झालेच." मग तोच ट्रे घेऊन आत जात आणि मुलीच्या मामांना हेच ऐकवत. समोरच्यांनी मान्य केलंय अशी दोन्हीकडे खात्री पटली की दोन्हीकडचे खरोखरच मान्य करून टाकत आणि साखर वाटली जायची. मी लहानपणी दाराआडून हे इतक्यांदा पाहिलं होतं की जगातले सगळे तह असेच होत असणार, ट्रे तेवढा मोठा लागत असेल, अशी माझी समजूत होती.

त्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना अमेरिकेच्या अध्यक्षांनी डोंगरातल्या एका सरकारी मुक्कामी बोलावून बसवलं होतं. सीमा कुठे आखायची, जेरुसलेम कुणाचं, घरं सोडून जावं लागलेल्यांचं काय, हे सगळं तिथे ठरणार होतं. आमच्या हॉलमधला टीव्ही दिवसभर चालू असायचा. घरात त्या विषयावर बोलायचं नाही असं आमचं न ठरवता ठरलेलं होतं, पण एका संध्याकाळी बातम्यांत निर्वासितांचा विषय निघाला आणि रीम सहज म्हणाली, "माझे आजोबा लिद्दचे."

"लिद्द कुठे आलं?" ओर्लीने विचारलं.

"तुम्ही त्याला लोद म्हणता."

ओर्ली आनंदाने उडालीच. "अगं, माझी आजी तिथेच राहते!"

रीम उडाली नाही. इस्राएल झालं त्या वेळच्या लढाईत सैनिकांनी ते गाव रिकामं करवलं होतं. तिचे आजोबा तेव्हा तरणे, म्हाताऱ्या आईला हाताला धरून उन्हातून चालत निघाले ते रामल्लाला पोचले आणि तिथेच राहिले. तिने हे आवाज न चढवता सांगितलं. ओर्लीचा चेहरा पडला. "माझ्या आजीने कुणाला हाकललं नाही. ती तर कोकणातून आली. नंतर."

"तिने हाकललं असं मी म्हटलंच नाही," रीम म्हणाली. "त्यांना हाकललं, एवढं म्हण."

"म्हणते ना. पण तू आधी म्हण, की आम्हीही आता तिथलेच आहोत. माझी आई तिथे जन्मली, मी तिथे जन्मले. आम्हाला जायला दुसरं घर नाही."

"आधी तू म्हण."

"का? आधी तू."

झालं. आठवडाभर जिना करकरायचा तो एका वेळी एकीसाठीच. एक खाली आली की दुसरी वर. शुक्रवारी मक्लूबा झाला नाही, मी माझा वरणभात केला आणि तो मी आणि अण्णांनीच खाल्ला. सकाळी बशीतला चहा फुंकताना रीमने सांगितलं की भाडेकरार संपला की ती दुसरीकडे खोली बघणार आहे. मग आपण होऊनच आजोबांचं सांगितलं. म्हातारे थकले होते. दर फोनला एकच विचारायचे, तिकडे आमच्या गावातलं कुणी भेटलं का? आता तिथे राहणाऱ्या एका तरी माणसाने त्यांना सांगावं की हो, तुमचं घर इथे होतं. बाकी सगळं पुढाऱ्यांनी काय ते बघावं.

मी भाषांतर केलं. अण्णांनी बशी खाली ठेवली. "एवढंच?"

"एवढंच," रीम म्हणाली.

ती वर गेल्यावर अण्णा माझ्याकडे वळले आणि आई गेल्यापासून न दिसलेलं तेज मला त्यांच्या तोंडावर दिसलं. "मधू, दोन्हीकडून एकेक वाक्य यायचंय फक्त. मी बस्त्यावरून अडलेली लग्नं लावलीत. हे किती अवघड असणार?"

या ठिकाणी शहाण्या मुलीने बापाला सांगितलं असतं की अण्णा, हे लग्न नाही. मी विचारलं, "कधी बसायचं?" खरं म्हणजे मला दोघींना एका घरात ठेवायचं होतं. मला ते घर हवं होतं, ताशा हवा होता. आणि टीव्हीवरच्या लोकांना जे जमत नव्हतं ते कराडच्या नगरपालिकेच्या हेडक्लार्कला जमेल आणि शेजारी मी उभी असेन, हे चित्रही मनातून जात नव्हतं.

ट्रे आधी ओर्लीच्या खोलीत गेला. "उर्मिला," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "रीमा तयार आहे. ती तुमचं मान्य करणार आहे. फक्त बोलायला संकोचतेय." मी ते इंग्रजीत केलं, आणि चांगलं ठसठशीत केलं. ओर्लीचे डोळे भरून आले. "खरंच असं म्हणाली?" मी मान हलवली. मग ट्रे पलीकडच्या खोलीत गेला आणि उर्मिला तयार असल्याचं रीमला कळलं. तिने कप उचलून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "हे ती आजोबांना फोनवर म्हणेल? त्यांना इंग्रजी कळतं." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बैठकीत फोन कधी नसायचा. पण साखर वाटायच्या इतकं जवळ आल्यावर मागे कोण फिरतं? "म्हणेल की!" ते म्हणाले आणि मी म्हटलं, "ऑफ कोर्स!" हे "ऑफ कोर्स" संपूर्ण माझ्या पदरचं होतं.

रविवारी सकाळी बैठक भरली. अण्णांनी रिकोटा चीज आणि दुधाची पावडर आटवून पेढे केले होते, ते मध्यावर डब्यात. डब्याशेजारी स्पीकरवर टाकलेला फोन. फोनवर आजोबांनी आधी आम्हा सगळ्यांची इंग्रजीत चौकशी केली, शाळामास्तराच्या जुन्या, स्वच्छ इंग्रजीत. मागून रीमची आत्या हसत ओरडली की ते सकाळपासून कोट घालून बसलेत, फोनसाठी. मग आजोबा म्हणाले, "मी ऐकतो आहे," आणि शांत झाले.

ओर्लीने रीमकडे पाहिलं. रीमने ओर्लीकडे. दोघींच्याही चेहऱ्यावर प्रेमळ, वाट बघणारं हसू होतं. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. अण्णांनी मला कोपराने ढोसलं, पण भाषांतर करायला कुणी काही बोललंच नव्हतं.

"बोल ना," ओर्ली शेवटी म्हणाली.

"मी? तू बोलणार होतीस."

"नाही, काका म्हणाले आधी तू..." ओर्ली थांबली. तिने अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रीमनेही पाहिलं. मी आयुष्यात परीक्षा, मुलाखती, व्हिसाच्या खिडक्या पुष्कळ पाहिल्या, पण त्या दोन नजरांखाली मी जितकी बारीक झाले तितकी पुन्हा कधी झाले नाही. फोनमधून आवाज आला, "रीम? लाइन तुटली का?" रीमने रिसीव्हर उचलला, अरबीत दोन शब्द बोलली, फोन ठेवला आणि जिना चढून गेली. पायऱ्या एकेक करकरल्या. वर जाताना ती मला एवढंच म्हणाली, "त्यांनी कोट घातला होता, मधू."

जेवणावळींत मी गोष्ट इथे संपवते. शेवटी अण्णा पेढ्यांकडे बघून "यांचं आता काय करायचं?" म्हणाले असं सांगते, आणि लोक हसतात. अण्णा तसं म्हणाले नव्हते. ते संध्याकाळपर्यंत काहीच बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आलं कुटलं नाही. पेढे फ्रिजमध्ये मागे सरकत गेले. त्याच आठवड्यात डोंगरातली बोलणीही फिसकटली. पुढारी आपापल्या विमानांत बसले, आणि दोष कुणाचा यावर टीव्हीवर तज्ज्ञ भांडू लागले. आमच्या घरात दोष कुणाचा यावर मात्र संपूर्ण एकमत होतं.

पुढच्या रविवारी नेमाने रिबकाआजीचा फोन आला. ओर्लीने तिला सगळं सांगितलं असावं, कारण ती मला म्हणाली, "तुझ्या बापाला दे." मी फोन स्पीकरवर टाकला. अण्णा सावरून बसले.

"तुम्ही बैठकी करता म्हणे?" आजीने विचारलं.

"करायचो," अण्णा म्हणाले.

"अहो, लग्नात दोन्हीकडच्यांना लग्न हवंच असतं. म्हणून तुमची थाप पचते. इथं कुणाला लग्न हवंय? एकाच घरात दोघांना राहायचंय, आणि दोघं म्हणतात घर माझं. तिथं थापेचं काय काम?"

अण्णांना कराडात असं कुणी बोललं असतं तर ते तडक चपला घालून निघाले असते. इथे ते म्हणाले, "चुकलं, बाई."

"त्या पोरीला बोलवा."

रीम जिन्यात उभी होती. नको म्हणून तिने मान हलवली. मी आजीला सांगायला तोंड उघडणार तोच आजीने फोनमधून खणखणीत आवाजात तिला हाक मारली, अरबीत. आम्ही सगळे चमकलो. ओर्ली तर उभीच राहिली. इतकी वर्षं लोदच्या बाजारात, शेजारच्या अरब बायकांशी भाजी घेत, पोरं सांभाळत आजी जे अरबी शिकली होती त्याचा घरात कुणाला पत्ताच नव्हता. रीम खाली आली. पहिल्याच वाक्याला ती फिसकन हसली, पुढे मला सांगितलं की आजीचं अरबी भयंकर होतं. मग हसायची थांबली, खुर्ची ओढून बसली आणि नुसती ऐकत राहिली. आम्ही दोन नामवंत मध्यस्थ ओट्याला टेकून उभे होतो आणि आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी रीमने आजीला एक फोन नंबर सांगितला, सावकाश, एकेक आकडा.

आजीने त्याच दिवशी रामल्लाला फोन केला. रीमला ते आजोबांकडून कळलं आणि आम्हाला तिच्याकडून, संध्याकाळी, त्याच टेबलाशी. आजी त्यांना म्हणाली होती, आम्ही लोदला आलो तेव्हा आम्हाला जुन्या गावातलं एक घर दिलं होतं. फळीवर कुणाची तरी भांडी होती, घासून पालथी घातलेली. माझ्याजवळ भांडी नव्हती. मी त्यात भात शिजवला. तुमची होती की दुसऱ्या कुणाची, मला माहीत नाही, ते घरही पुढे पाडलं. पण कुणीतरी ती घासून ठेवून गेलं होतं, परत यायचं म्हणून. हे मला तेव्हाही कळत होतं.

"आणि आजोबा?" ओर्लीने विचारलं. आजीने हे तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"त्यांनी विचारलं, तुझी मुलं तिथेच जन्मली का. आजी हो म्हणाली. तर म्हणाले, मग ती कुठे जाणार?" रीमने नाक पुसलं. "आणि मग बराच वेळ दोघं तेलावर बोलले. आमच्याकडे ऑलिव्हचा घाणा होता ना. कुठलं तेल जास्त टिकतं यावर वादावादी झाली म्हणे."

ओर्ली उठली, फ्रिजमध्ये पार आत हात घालून तिने पेढ्यांचा डबा काढला आणि म्हणाली, "हे खराब होतील." रीमने एक घेतला. पेढे दगडासारखे झाले होते आणि त्यांना फ्रिजमधल्या कांद्याचा वास लागला होता. मी तीन खाल्ले. अण्णा उठून आलं कुटायला लागले.

रीमने खोली सोडली नाही. अण्णा ऑगस्टअखेर गेले. कराडला गेल्यावर त्यांनी बैठकी बंद केल्या असं मला पुष्कळ दिवस वाटायचं, सांगायला ते चांगलं दिसतं. तसं काही नव्हतं, दिवाळीनंतर त्यांनी दोन लग्नं जमवली. पण भावाने सांगितलं की आता ते ट्रे नेत नाहीत, दोन्हीकडच्यांना एकाच खोलीत बसवतात आणि स्वतः स्वयंपाकघरात थांबतात.

आजी आणि आजोबा आठवड्यातून एकदा बोलत राहिले. मग शरद ऋतू आला आणि तिकडे सगळं पेटलं. दगड, गोळ्या, बसमधले स्फोट, रणगाडे. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, आणि आज टीव्हीवर जे दिसतं ते पाहून मी काही बोलावं अशी माझी लायकी नाही. माझ्या मुलीला वाटतं मी विषय टाळते. टाळतेच.

त्या दिवसांतल्या एका सकाळी फोन वाजला. रविवार नव्हता. ओर्ली लॅबमध्ये होती, रीम अंगणात पानं झाडत होती. रिबकाआजीच होती. तिने भाताचं विचारलं नाही. "मधू, तो म्हातारा फोन उचलत नाही गं. कालपासून करतेय. त्या पोरीला विचार, बरा आहे ना?"

मी रिसीव्हर तसाच धरून खिडकी उघडली आणि रीमला विचारलं. ती झाडणीला टेकून उभी राहिली. "मलाही लागत नाहीये," ती म्हणाली. "रस्ते बंद आहेत. आत्याचाही लागत नाही. तिला सांग ते बरे आहेत."

"बरे आहेत का?"

"मला माहीत नाही."

मी फोनकडे वळले. जिभेवर सगळं तयार होतं, अण्णांची लेक आहे मी. ते भावाकडे गेलेत, फोन बिघडलाय, ठणठणीत आहेत, तुमची आठवण काढत होते. चार वाक्यांत आजीचा जीव शांत झाला असता, आणि ती वाक्यं उद्या खरीही ठरली असती कदाचित. खिडकीबाहेर रीम हलली नव्हती.

"माहीत नाही, आजी," मी म्हटलं. "रीमलाही लागत नाहीये. तीही घाबरली आहे."

मला वाटलं लाइन तुटली. मग आजी म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता ठेव तू फोन, बाय. लाइन मोकळी राहू दे. तो करील."

मी फोन ठेवला.